दांड्याची कटती

मालूबाईंनी जन्मात कुणाच्या पानात डावं-उजवं केलं नाही, पण स्वतःच्या बोकडाची गोष्ट निघाली की त्या साफ आंधळ्या व्हायच्या. रावसाहेब त्यांनी बाटलीनं वाढवलेला. आई सिरोही जातीची, बाप गावरान, आणि मिजास अशी की जैनाबादच्या सरपंचानंही वाट सोडावी. त्याच्यासमोर उभा होता सुनेचा, म्हणजे भूमिकाचा बहादूर. बोअर जातीचा संकर, रुंद छाती, लाल डोकं, आणि स्वभावानं जरा बावळटच.

बायकांच्या शेळी गटाला पैदाशीसाठी एकच बोकड ठेवायचा होता. हरेल तो रविवारच्या बाजारात, म्हणजे खाटकाच्या हाती. भूमिका जनावरांच्या डॉक्टरीची पदविका शिकून आलेली. तिनं सांगितलं, भांडायचं नाही. कुणाच्या शेळ्या जास्त पिल्लं देतात, कुणाच्या पोराचं मटण सरस आणि एकाच चाऱ्यावर कोण वजनाला जास्त भरला, एवढंच बघायचं.

रावसाहेबाच्या शेळ्यांनी घरोघर जुळी दिली, बहादूरच्या बहुतेक एकेकावर थांबल्या. आठवडाभर मालूबाईंचे पाय जमिनीला लागले नाहीत.

मग मटणाचा दिवस आला. मळ्यात दोन सारखी पातेली चढली, मसाला एकच, आणि कुठल्यात कुणाचं पोर शिजतंय हे एकट्या भूमिकाला ठाऊक. मालूबाईंनी दुसऱ्या पातेल्यातल्या रश्शात भाकरी चुरली, बोटं चाटली आणि साऱ्या मळ्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "हेच! कसं लोण्यासारखं शिजलं. रावसाहेबाचं रगत लपतं का कुठं?"

ते बहादूरच्या पोराचं निघालं. मालूबाईंचे यजमान भाईदास यांना हसता हसता असा ठसका लागला की पाठ चोळावी लागली.

आता सगळा फैसला वजनावर आला. सकाळी गटानं दोघांना केळीचे घड तोलायच्या काट्यावर नेलं. तोलणारा लोटू तिथं पहाटेपासून घड तोलत होता. रावसाहेबाला कसाबसा चढवला, लोटूनं नजर टाकली आणि पुकारलं, "एकोणसाठ!" तेवढ्यात ट्रक आला, लोटू तिकडं धावला, म्हणून बहादूरचं वजन भूमिकानं स्वतःच वाचलं. साठ भरलं.

एका किलोनं रावसाहेब गेला.

मालूबाईंनी काट्यामागच्या लिंबाखाली त्याला नेलं, समोर केळीची पानं टाकली आणि त्याच्या गळ्यातली घंटा सोडायला घेतली. घंटा खाटकाला द्यायची नव्हती. गाठ सुटेना, कारण डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं होतं; शेवटी सुटली, तशी घंटा कमरेला खोचली. रावसाहेब मात्र मजेत पानं खात होता. त्याला वाटलं, आज सणच आहे.

भूमिका बहादूरला घेऊन निघाली होती. ट्रककडून परतलेल्या लोटूनं काट्यावर एक घड चढवून "सतरा!" पुकारलं आणि तिचे पाय थबकले.

"लोटूभाऊ, काटा अठरा दाखवू राहिला, तुम्ही सतरा कसे बोलले?"

"दांडा नको कापू का, ताई? घड चढला की शंभराला पाच किलो दांड्याची कटती करूनच आकडा बोलायचा. बापापासूनची आदत आहे आपली."

भूमिका इथं गप्प राहिली असती तर तिचा बहादूर वाचला होता. पण ती म्हणाली, "आणि रावसाहेबाचाही दांडा कापला का तुम्ही?"

लोटूनं कपाळावर हात मारला. "अरे देवा! तोंडातून निघून गेलं, ताई. खरंच निघून गेलं!"

रावसाहेब पुन्हा काट्यावर चढला. बासष्ट! मधल्या वेळात तो पानं खात होता, अशी कुणीतरी हरकत घेतली. "दोन पानांनी तीन किलो वाढत असते तर मी घरातच मावलो नसतो," भाईदास म्हणाले, आणि हरकत मिटली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मालूबाईंनी बोकडाच्या गळ्यात पडून त्याचा वास न बघता मुका घेतला.

मग त्यांची नजर सुनेकडं गेली. भूमिका हसत होती, टाळ्याही वाजवत होती, पण मध्येच तिचा हात बहादूरच्या कानामागं जात होता.

"गप बसा गं साऱ्या!" मालूबाई कडाडल्या. "रावसाहेबाच्या लेकी आता वयात येतील. त्यांना काय बापाच्याच घरात देता? एका गोत्रात सोयरीक करतो का आपण? ह्याच्या लेकी बहादूरला द्यायच्या, त्याच्या ह्याला."

"पण दोघांना पोसेल कोण?" एकीनं विचारलं.

"माझ्या दारात खातील. माझ्या केळीला पानं कमी आहेत का?"

भूमिकानं सासूला मिठीच मारली. "आई, हेच मी पहिल्या दिवशी सांगणार होती."

"मग बोलली का नाही?"

"तुम्ही म्हटलं असतं, आपला बहादूर वाचवू राहिली."

"म्हटलंच असतं," मालूबाईंनी कबूल केलं.

कमरेला खोचलेली घंटा त्यांनी काढली आणि बहादूरच्या गळ्यात बांधली. आपली घंटा दुसऱ्याच्या गळ्यात बघून रावसाहेबाचं डोकं फिरलं. त्यानं चार पावलं मागं जाऊन बहादूरला अशी ढुशी दिली की लोटूच्या काट्याचा खांब हलला.

"राहू द्या," भाईदास म्हणाले. "नवे व्याही आहेत. मानपानावरून एवढं तर होणारच."