तीन शालींचा खेळाडू

मायकेल जॉर्डन तीनदा निवृत्त झाला आणि दोनदा परत आला. सहा अजिंक्यपदं जिंकलेल्या माणसाकडून शिकण्यासारखं पुष्कळ होतं. मी नेमकं निवृत्त होऊन परत येणंच शिकलो.

कळंबला माझं आडतीचं दुकान आहे. सकाळी दुकान उघडण्याआधी शाळेच्या मैदानावर पोरांबरोबर बास्केटबॉल खेळतो. अंगात त्याचीच तेवीस नंबरची जर्सी, आणि उडी मारताना त्याच्यासारखीच बाहेर काढलेली जीभ. त्याची जीभ बाहेर यायची तेव्हा तो हवेत असायचा. माझी यायची तेव्हा मी जमिनीवरच धापा टाकत असायचो.

पोळ्याच्या सुमारास गुडघे कुरकुरायला लागले, तशी मी निवृत्ती जाहीर केली. खरं तर निवृत्त व्हायचं नव्हतंच. 'काका, थांबा' असं पोरांनी एकदा म्हणावं, एवढीच हौस. पोरांनी दुसऱ्याच दिवशी शाल, श्रीफळ आणि फेटा हजर केला. कप्तान इंद्रजितनं माझ्या कारकिर्दीवर भाषण ठोकलं. मी किती वेळा बॉल विहिरीत घालवला, तेवढंच त्याला आठवलं. थांबा कुणी म्हणालं नाही.

जॉर्डन पहिल्यांदा निवृत्त होऊन बेसबॉल खेळायला गेला होता. म्हणून मी क्रिकेट खेळायला गेलो आणि पहिलाच झेल कपाळानं घेतला. टेंगूळ उतरायच्या आत परत मैदानावर हजर.

"आलात व्हय काका?" इंद्रजित म्हणाला. "शाल जपून ठिवा. पुन्ना लागंल."

लागली. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या निवृत्तीला त्यांनी नवीच आणली, पण पातळ, आणि नारळात पाणी नव्हतं. संक्रांतीला परत आलो. तिसऱ्या निवृत्तीची शाल तर खांद्यालाही पुरेना. तरी शिमग्याला परत गेलोच, आणि चौथ्यांदा विषय काढला तेव्हा इंद्रजित म्हणाला, "काका, आता घरनंच शाल घिऊन या. आमी पांघरवतो."

बायकोला, शिवकांताला, हे सांगितलं. तिनं कपाट उघडलं आणि विचारलं, "ह्यातली कोणची देऊ?"

तेव्हा मात्र मला मनापासून लाज वाटली. कुणाला काही न सांगता जायचंच बंद केलं. सकाळपासून दुकानात बसू लागलो. हमाल तुरीची पोती धाडधाड टाकायचे, तरी मला मैदानावरचा बॉलच ऐकू यायचा. घास गोड लागेना.

"मला कुणी इचारत न्हाय," मी शिवकांताला म्हणालो.

"सांगून गेल्यावर शाल मिळती," ती म्हणाली. "न सांगता गेल्यावर काय मिळतंय, बघा की जरा."

आठवड्यानं इंद्रजितची गाडी दारात थांबली.

"काका, का येईनात तुमी?"

"निवृत्त झालो."

"कवा? आमाला कुठं काय कळलं? नऊच जण हाव. पाच-पाच पडंनात. चला."

नऊ जणांत दहावा कुणीही चालला असता, एवढं मला कळत होतं. मैदानाशेजारचा रसवंतीवालासुद्धा चालला असता. पण त्याची रसवंती ओलांडून हा माझ्या दारापर्यंत आला होता. बूट घालताना डोळे भरून आले, त्यामुळं डावा बूट उजव्या पायात गेला.

"थांबा म्हणला का त्यो?" शिवकांतानं आतून विचारलं.

"चला म्हणला," मी म्हणालो, आणि बूट बदलून गाडीवर बसलो.