धवलारीण काळोखात

आवडाबाईंच्या स्वरयंत्रावरची गाठ लहान होती, पण ती धवलारणीच्या गळ्यात होती. डोंबिवलीजवळच्या आगरी गावांत त्यांनी धवले गायल्याशिवाय लग्नातले विधी पुढे सरकत नसत. म्हणून माजिवड्याच्या डॉक्टरांनी आवाज वाचवणारा उपाय सांगताच सून कल्पिताने नवऱ्यालाही न विचारता होकार दिला. आधी शिरेतून औषध, मग दोन दिवसांनी घशात नळी घालून लाल उजेड. उजेड पडला की औषध जागं होऊन गाठ जाळतं.

"ते कातडीतही उतरतं," डॉक्टर म्हणाले होते. "महिनाभर ऊन नको, झगझगीत दिवे नकोत. घरातला साधा उजेड मात्र असू द्या."

शेवटचं वाक्य कल्पिताने मनावर घेतलं नाही. जितका काळोख, तितकं बरं, असं तिला वाटलं. तिने खिडकीला काळी ताडपत्री ठोकली, बल्बही काढला.

"आत भूत पाळलंस का गो?" शेजारच्या गोदाने विचारलं.

"मीच भूत. ये, धरते तुला," आतून घोगरा आवाज आला.

महिना सरला. नातू नयनची हळद परवावर आली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आवडाबाईंनी, कातडीतलं औषध गेलं का ते बघायला, भोक पाडलेल्या कागदी पिशवीत हात घालून तो थोडा वेळ उन्हात धरला. दुसऱ्या दिवशी भोकाएवढी कातडी लाल होऊन सुजली.

"खोलीत दिवा होता ना?" डॉक्टरांनी फोनवर विचारलं. कल्पिताने बल्ब काढल्याचं सांगितलं. "साध्या उजेडात कातडीतलं औषध हळूहळू विरतं. काळोखात तसंच राहतं. आता आणखी काही आठवडे उन्हात नको, मांडवातल्या दिव्यांखाली तर नकोच."

कल्पिताने सासूला सगळं सांगितलं. "आई, माझ्यामुळे झालं."

आवडाबाई सुजलेल्या हाताकडे बघत बसल्या. "जाईला फोन लाव."

"जाईबाईंना? तुम्हीच म्हणता, ती अर्धा धवला गिळते."

"गिळू दे. माझ्या नातवाची हळद मुकी नाय लागायची. लाव."

कल्पिताने स्पीकर लावला. जाईबाईंनी हळदीला गायचं बोलावणं ऐकून घेतलं. "आवाज तर बरा हाय की तुझा, आवडा. मग तूच का नाय गात?"

आवडाबाईंनी सुनेकडे पाहिलं.

"डॉक्टर नको म्हणतो," त्या म्हणाल्या.

कल्पिताची मान वर होईना. पलीकडून जाईबाई विचारत होत्या, पहिला धवला कुठला घेऊ.