राहिलेली एकोणीस पानं

मी एक फारसी प्रेमकाव्याचा ग्रंथ बोलतोय. एक काचकाराचा मुलगा आणि एक बागवानाची मुलगी यांची गोष्ट माझ्या पोटात आहे. लखनऊच्या एका शिळाछापखान्यात माझा जन्म झाला. अक्षर मुंगीएवढं. पण दचकू नका, पुण्यात इतकी वर्षं राहिलोय की एकादशी-चतुर्थी मलाही तुमच्याइतकीच कळते.

दीनानाथ सरांनी मला लकडी पुलाजवळच्या फुटपाथवरून विश्रांतवाडीच्या घरी आणलं. ते शाळेत फारसी शिकवायचे. एके काळी वर्ग भरलेला असायचा. मग कॉम्प्युटर आले, मुलं तिकडे वळली आणि बाकावर एकटा सुदर्शन उरला. पुढे तोही हडपसरला आयटीत लागला. पेढे घेऊन आला तेव्हा सर म्हणाले, "छान. जाताना फारसीला कुलूप लाव आणि किल्ली शिपायाकडे दे."

दोन हजार तीन साली डॉक्टरांनी सांगितलं की सरांची नजर चार-सहा महिन्यांत जाईल, तोवर फार तर मोठं अक्षर दिसेल. सरांना त्याआधी मला एकदा पूर्ण वाचायचं होतं.

हेमाताईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, फारसीचं एक अक्षर येत नव्हतं. पण त्यांनी चातुर्मासाचा नेम धरला. रोज माझं एक पान मोठ्या अक्षरात उतरवायचं, मगच जेवायचं. सुदर्शनने ऑफिसमधले पाठकोरे कागद आणून दिले, कडेला भोकं असलेले. जाड स्केचपेन घेऊन ताई माझी अक्षरं चित्रासारखी काढायच्या. जन्मभर ठिपक्यांची रांगोळी घातलेल्या बाईला माझे ठिपके काय जड जाणार?

पहिला कागद वाचून सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईंना वाटलं, आनंदाचं असेल. श्रावण सरता सरता त्यांनी विचारलं, "अहो, लग्न झालं का हो त्या दोघांचं?"

"मरून दीड महिना झाला. पहिल्याच दिवशी पुरलंस तू त्यांना."

फारसी ग्रंथ उजवीकडून उघडतो. ताईंनी तो आपल्या पोथीसारखा डावीकडून उघडला होता. त्यांची सुरुवात माझ्या शेवटच्या पानापासून झाली होती.

"अगं बाई. मग सांगितलं नाहीत ते? नेम वाया गेला की माझा. उद्यापासून पुढून सुरू करते."

"नको. रोज एकेक पान जिवंत होतायत दोघं. असंच चालू दे, आता भेटीपर्यंत जायचं आपल्याला."

मग दोघंही त्या पहिल्या भेटीची वाट पाहू लागले. विरह मागे गेला, ताटातूट मागे गेली. कोजागिरी झाली आणि आठवड्याने एका सकाळी सरांनी कागद खिडकीशी नेला, नाकाशी धरला आणि घडी घालून ठेवून दिला. म्हणाले, "जेव तू." तो कागद धरून एकोणीस पानं राहिली होती. भेट त्यांतच होती.

ताईंनी नेम मोडला नाही. एकोणीसच्या एकोणीस उतरवली. द्वादशीला उद्यापनाचं मेहूण म्हणून सुदर्शन आणि त्याची बायको अवनी यांना बोलावलं. पानावरून उठल्यावर ताईंनी कागद त्याच्या हातात दिले.

"काकू, सगळं विसरलोय हो मी."

सर भिंतीकडे बघत म्हणाले, "वाच. चुकलास तरी मला कळतं."

बोट ठेवून, अडखळत त्याने एक पान वाचलं. सर प्रत्येक शब्द हळूच दुरुस्त करत होते. काचकाराचा मुलगा बागेच्या फाटकाशी आला, आणि सुदर्शनचा मोबाइल वाजला. अमेरिकेचा कॉल. "सर, रविवारी येतो," म्हणाला. खोटं नाही बोलला तो. त्याला रविवारच मिळाला नाही.

त्यालाही आता तीन वर्षं झाली. सर थकलेत. रविवारी मात्र धुतलेला सदरा घालून दाराशी बसतात. ताई मला देवघराशेजारी ठेवतात आणि हात जोडताना म्हणतात, "कुणीतरी येईल."

तुमच्यापैकी कुणाला फारसी येत असेल, आणि कधी विश्रांतवाडीकडे येणं झालं, तर थोडा वेळ काढा. अठरा पानं आहेत, अक्षर चांगलं मोठं आहे. फार तर अर्धा तास लागेल.