पऱ्हाटीच्या कोळशातली वीज

बीटी कपाशीलाही गुलाबी बोंडअळी लागली, त्या हिवाळ्यात जानेफळच्या लोकांनी उभ्या पऱ्हाट्या उपटल्या. त्याच गावच्या सुवर्णाने त्यातल्या दोन पोती काड्या बुलढाण्याच्या कॉलेजात नेल्या. काड्यांचा कोळसा करायचा, त्यावर मँगनीज ऑक्साइडचे डोळ्यांना न दिसणारे पापुद्रे चढवायचे आणि क्षणात वीज साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरचा इलेक्ट्रोड घडवायचा, हे तिचं पीएचडीचं काम.

पापुद्रे टिकत नव्हते. काही शे वेळा वीज भरली-सोडली की सुटून यायचे. मार्गदर्शक सर बदली होऊन नागपूरला गेले, सोबतची मुलगी लग्न होऊन गेली. प्रयोगशाळेत सुवर्णा एकटी उरली. दुसऱ्या वर्षी काड्याही संपल्या.

ती गावी गेली, तर शिवारभर सोयाबीन. आईबाबा भावाकडे नाशिकला, घराला कुलूप. शेजारच्या सुगराबीच्या अंगणात मात्र चुलीसाठी रचलेली पऱ्हाटी होती.

"ने ना माय. पण काऊन पाह्यजे तुले?"

"कोळसा करतो तिचा. वीज साठवाले."

सुगराबीने मान डोलावली. "माहा पोरगा आमीर सुरतले गेला. एकटीले किती जळण लागते? तिथं तू बोलतं कोणासंग?"

"मशीनीसंग."

सुगराबी हसली. दोघींनी मिळून काड्यांची मोळी बांधली.

परतीच्या एसटीत सुवर्णाला वाटलं, आपण घाईच करतोय. पापुद्रे वरवर थापले जातात, कोळशाच्या छिद्रांत उतरतच नाहीत. या खेपेला तिने मँगनीजचं द्रावण पातळ केलं, कोळसा त्यात दिवसभर मुरू दिला आणि आच मंद ठेवली. आठवडाभराने संगणकावर पाहिलं. वीज भरण्या-सोडण्याच्या हजारो फेऱ्या झाल्या, तरी साठवणुकीची रेघ जवळजवळ आडवीच होती, खाली घसरली नव्हती.

"टिकले!" ती मोठ्याने म्हणाली. पंखा घरघरत राहिला.

सरांना फोन लावला. "छान. ग्राफ पाठव. मी मीटिंगमध्ये आहे."

आईचा फोन लागला नाही. सुगराबीकडे फोनच नव्हता. सुवर्णाने मोबाइलमधली नावं वरून खाली पाहिली. ज्याला आनंदाने सांगावं आणि ज्याला ते कळावंही, असं एकही नाव सापडेना. डोळे भरून आले. जरा वेळाने तिने तोंड धुतलं. एकदा जमलं म्हणजे जमलं असं नसतं, हे तिला ठाऊक होतं. तिने कोळशाचा नवा तुकडा तोलला, तारा जोडल्या आणि मशीन पुन्हा पहिल्या फेरीपासून सुरू केलं.