खिडकीखालची दहा मिनिटं

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे. जुनी म्हणजे भंगार नव्हे हं! रंग दोनदा चढवलाय, पण आवाज अजून खणखणीत. त्या आवाजाचाच मला मोठा तोरा होता.

माझे मालक छापखान्यात कामाला आहेत. रोज सकाळी ते मला घराच्या भिंतीलगत, खिडकीखाली सुरू करत आणि तशीच चालू ठेवून चहा प्यायला आत जात. "इंजिन तापलं की गाडी सुखात राहते," असं त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. चांगली दहा मिनिटं मी फटफटत उभी. "गाडीला लेकीसारखं जपतो," असं शेजारी म्हणत आणि मी फुगून जाई.

खरी लेक त्या खिडकीच्या आत झोपायची. सहा वर्षांची पिटुकली. मला 'निळूताई' म्हणायची आणि सुट्टीच्या दिवशी ओल्या फडक्याने माझा दिवा पुसायची.

एके सकाळी कितीही किका मारल्या तरी मी सुरूच झाले नाही. मालक मेकॅनिकला बोलवायला गेले. तेव्हा खिडकीतून मला खोकला ऐकू आला. एक ढास थांबते तोच दुसरी. "हळू श्वास घे बाळा, हळू," आई म्हणत होती. मी हादरलेच. हे रोज चालत होतं? माझ्याच फटफटाटात मला कधी ऐकूच आलं नव्हतं.

मेकॅनिकने माझा प्लग काढला. काजळीने काळाकुट्ट. मग त्याने खिडकीच्या जाळीवरून बोट फिरवलं आणि ते प्लगशेजारी धरलं.

"दादा, दोन्हीकडे एकच काजळी. आत कोण झोपतं?"

मालकांचा चेहरा पांढराफटक पडला. "लेक झोपते. दम लागतो तिला. डॉक्टर म्हणाले, घरात काय त्रास देतंय ते शोधा. उशी बदलली, पडदे काढले. केसांमुळे होत असेल म्हणून तिची मांजरसुद्धा मावशीकडे देऊन टाकली हो आम्ही."

दारात पिटुकली उभी होती. "मग बाबा, मनीने काही नव्हतं केलं?"

मालकांनी तिला उचलून कडेवर घेतलं. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

आता मालक मला ढकलत फाटकाबाहेर नेतात आणि तिथे सुरू करून लगेच निघतात. सिग्नलला बंद करतात. धूर तपासून घेतात. शाळा जवळच आहे, तिथे बापलेक चालत जातात. खोकला अजून पुरता गेलेला नाही, पण रात्री ती बरीच शांत झोपते, असं आई सांगत होती.

मनी परत आलीये. दुपारी माझ्याच सीटवर अंगाचं मुटकुळं करून झोपते. मला तिच्याकडे बघवत नाही.

मित्रांनो, तुमच्या दारात कुणाची गाडी उगाच चालू असेल, तर हात धरून ती बंद करायला लावा. बंद केल्यावरच आतला खोकला ऐकू येतो.