तोंडी आदेशाची पोच

जलविद्युत प्रकल्पांत इतके दावे का होतात, असं कुणी विचारलं तर मी एकच कारण सांगतो: चहा. करारात कारणं मोठमोठी असतात. खडक वेगळाच निघाला, नदीला अवेळी पूर आला, जमीन उशिरा हातात आली, नकाशे बदलले. सगळी खरी. पण खडक वेगळा निघाला की दोन्हीकडचे इंजिनिअर पत्र्याच्या कॅन्टीनमध्ये बसतात. एक म्हणतो, "करून टाका हो, कागदाचं बघू नंतर." दुसरा म्हणतो, "तुमच्या शब्दावर." आणि काही वर्षांनी तो शब्द कुठे हरवला ते शोधायला माझ्यासारख्याला बसवतात. अर्धं आयुष्य मी लोकांचे शब्द शोधण्यात घालवलंय. आता खरंच कंटाळा आलाय.

मी ठेकेदार कंपनीचा दावे लिहिणारा. माझा साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, त्याच प्रकल्पावर मालक कंपनीचा बोगदा-इंजिनिअर. नातं दोन्ही हेडऑफिसांना ठाऊक होतं. साइटवर आम्हाला 'दोन्ही काठ' म्हणायचे, आणि आम्ही हसून घ्यायचो.

एका दुपारी साडूभाऊ बोगद्यात आत, जिथे खोदकाम चालू होतं तिथे, उभे होते. छतातून झिरपणारं पाणी एकाएकी गढूळ झालं, आणि मागोमाग बारीक माती गळायला लागली. आमचा फोरमन शेजारीच होता. त्याला सगळे 'दमानं' म्हणत, कारण त्याचं प्रत्येक वाक्य 'दमानं घ्या'नं सुरू व्हायचं. साडूभाऊ त्याला म्हणाले, "थांबा. सगळे बाहेर. हत्यारं राहू द्या." त्या दिवशी दमानंनं दमानं घेतलं नाही. शेवटचा माणूस बाहेर येतोय तोवर छत बसलं. मशीन गाडलं गेलं, काम कित्येक महिने ठप्प झालं, पण माणूस एकही गेला नाही.

आता नियम असा, की समोरच्यानं तोंडी आदेश दिला तर ठेकेदारानं आठवड्याच्या आत पत्र लिहायचं: आपण असं असं सांगितलंत, त्याप्रमाणे केलं. समोरून नकार आला नाही की तो आदेश लेखी धरला जातो. माझं पत्र टाइप होऊन तयार होतं. कॅन्टीनमध्ये साडूभाऊ म्हणाले, "राहू दे रे. काम थांबवायचा अधिकार वरच्या साहेबांचा. पत्र गेलं की न विचारता कसं थांबवलंस म्हणून माझ्या मागे लागतील. मी जमवतो वर." आमचे प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाले, "घरच्या माणसाला कागद कशाला?" साइटवर पत्र पाठवणं म्हणजे भांडण उकरून काढणं. ते गेलं नाही.

वरचे साहेब बदलले. मग मालक कंपनीनं म्हणायला सुरुवात केली, की ठेकेदाराची माणसं लोखंडी आधार न लावताच काम टाकून पळाली, म्हणून छत बसलं. उशीर तुमचा, नुकसानही तुमचं. प्रकरण लवादाकडे गेलं, आणि साडूभाऊंना मालक कंपनीनं आपल्या बाजूनं साक्षीला बोलावलं.

"ताईचे हे तीन महिन्यांनी रिटायर होतायत," बायको म्हणाली. "त्यांना आडवंतिडवं विचारू नका. पेन्शनशिवाय काय आहे त्यांच्याकडे?"

"विचारणार वकील. मी फक्त फायली देतो."

"सुरी देणारा वेगळा आणि मारणारा वेगळा, असंच ना?"

मी पानावरून उठलो.

सुनावणी एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. एसी इतका गार, की तिन्ही लवाद कोट घालून बसले होते. साडूभाऊंच्या इस्त्रीच्या शर्टाची कॉलर त्यांना सैल झालेली. त्यांच्या वकिलानं विचारलं, "काम थांबवायचा आदेश तुम्ही दिलात?"

साडूभाऊ टेबलाकडे बघत म्हणाले, "नाही."

मला हायसं वाटलं. खोटं का बोलू? दावा बुडाला तर बुडाला, ताईचं घर तरी राहील.

अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. "मग थांबवलं कुणी?"

वकील तयारच होता. "ठेकेदाराच्या फोरमननं. स्वतःच्या मर्जीनं."

दमानं मागच्या खुर्चीवर बसला होता, आमचा साक्षीदार म्हणून. त्याचे हात मांडीवरच्या टोपीवर होते, ते तिथेच राहिले. माझ्या शेजारी आमचे जनरल मॅनेजर कुजबुजले, "असं असेल तर त्याला काढावं लागेल. निष्काळजीपणा कंपनीच्या अंगावर नको." चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर दोन्हीकडून ओढायला सगळे तयार.

साडूभाऊ उठले होते. चष्म्याची डबी खिशात टाकताना त्यांची नजर मागे गेली. ते परत खाली बसले.

"थांबा," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. काम मी थांबवलं. तो माझं ऐकून बाहेर पडला."

वकिलाचा चेहरा पडला. अध्यक्षबाईंनी विचारलं, "लेखी का दिलं नाहीत?"

"लिहीत बसलो असतो तर वाचायला कुणी उरलं नसतं."

"आणि नंतर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नंतर तो घरचा मामला झाला."

हॉलमध्ये हशा पिकला. मला हसू आलं नाही.

निकाल आमच्या बाजूनं लागला. कंपनीनं माझं अभिनंदन केलं, पाठीवर थाप मारली. दमानंची नोकरी राहिली. साडूभाऊंचं हात दाखवून अवलक्षण झालं: अधिकार नसताना काम थांबवलं म्हणून चौकशी लागली आणि पेन्शन अडकली. कधी सुटेल, कुणालाच सांगता येत नव्हतं.

क्वार्टर रिकामं करायच्या दिवशी मी आणि बायको मदतीला गेलो. ताई माझ्याशी एकच वाक्य बोलली, "कपाट जड आहे, दोघं धरा." भिंतींवर फोटोंच्या जागी पांढुरके चौकोन उरले होते. कपाट खाली ठेवून साडूभाऊ एका खोक्यावर टेकले, दम खात.

"ते पत्र आता लिही," ते म्हणाले.

"कुठलं?"

"तेच. राहिलेलं."

"साडूभाऊ, आता वरातीमागून घोडं. काय उपयोग?"

"उपयोग काही नाही रे. घरी असू दे."

मी भांडी बांधायला आणलेल्या कागदांतला एक कोरा घेतला आणि खोक्यावर ठेवून लिहिलं: आपण बोगद्यात तोंडी दिलेल्या आदेशानुसार काम तत्काळ थांबवले. आतील चौदाही माणसे सुखरूप बाहेर आली. पोच द्यावी. त्यांनी खाली 'मिळाले' लिहून सही केली, नेहमीची, लफ्फेदार.

ताई मागे येऊन उभी होती. तिनं कागद घेतला आणि उभ्यानंच वाचला. मग पुन्हा वाचला.

"चौदा?" ती नवऱ्याला म्हणाली. "मला नुसतं काम थांबवलं म्हणालात."

ताईनं कागदाची घडी घालून पदराखाली धरली, आणि बांधलेल्या भांड्यांची गाठ सोडून पातेलं बाहेर काढलं.

"बसा," ती मला म्हणाली. "चहा टाकते."