विसण

साईराजला सांगलीच्या दवाखान्यात सलाईन लावलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलूसला घरी आले, त्याचे कपडे न्यायला. साईराज माझा भाचा, अजून रांगतोय. पूजावहिनी त्याच्याजवळ होती. दादा सैन्यात, लांब.

महिन्याभरात त्याला हे दुसऱ्यांदा जुलाब, आणि मला कारण सापडत नव्हतं. पहिल्या वेळी मीच घरचं नळाचं पाणी तपासलं होतं. कराडला सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, त्यामुळे तपासणीच्या बाटल्या माझ्याकडे असतात. पाण्यात विष्ठेतले जंतू असले की बाटली काळी पडते. आमची डांबरासारखी काळी झाली. तेव्हापासून आई बाळाचं पाणी उकळूनच देत होती. त्या उकळलेल्या पाण्याचीही बाटली मी लावली, ती स्वच्छ निघाली. मग जंतू आले कुठून?

"दवाखान्यातलं पाणी लेकराला मानवायचं न्हाई," आई म्हणाली. "थर्मासात आपलंच देते." तिनं पातेलं गॅसवर ठेवलं. "तुझी ती काळी बाटली बघून शेजारचा लालासाहेब म्हणतोय, समीनं शाईचं दुकान घातलंय."

पाणी खळखळून उकळलं, मग वाफ जाईपर्यंत निवलं. आईनं थर्मास अर्ध्याच्या वर भरला, मग तांब्या नळाखाली धरला आणि त्यातलं पाणी थर्मासात ओतलं. झाकण लावलं.

"आई, हे काय घातलंस?"

"इसण."

"नळाचं?"

"मग काय हिरीवर जाऊ? येवढं कडक पाणी लेकरू पील कसं? जीभ पोळंल की."

"रोज घालतेस?"

"व्हय. आंघोळीला घालतो तसंच. सोसंल इतपत."

तपासायचं पाणी मी पातेल्यातून घेतलं होतं. बाळाच्या वाटीतलं नव्हतं घेतलं.

"आई, उकळून मेलेले जंतू तू विसणातून परत घालतेस."

"त्येवढ्याशा पाण्यानं?"

"तेवढं पुरतं."

ती तांब्याकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "काल पूजाबरूबर ह्याच पाण्याची बाटली दिलीया मी."

मी वहिनीला फोन लावला. "वहिनी, घरून नेलेलं पाणी त्याला देऊ नका."

"आत्ताच दोन चमचे पाजले. कालपासून पहिल्यांदा डोळे उघडून प्याला, ताई. का हो?"

"बाटली ओतून टाका. नर्सना लगेच सांगा, पाणी दूषित होतं. मी निघाले."

फोन ठेवला तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती.

"काय म्हणली पूजा?"

मी सांगितलं. ती उठली आणि थर्मास मोरीत उपडा केला. पाणी माझ्या पायावरून गेलं. कोमट होतं, लेकराला सोसेल इतकं.